पागोळ्यांचं पाणी कोथिंबिरीला घालण्याआधी

छपरावरून पिंपात साठवलेलं पावसाचं पाणी झाडांना उत्तमच. पण त्यावर कोथिंबीर, पुदिना, काकडी असं कच्चं खायचं काही वाढवत असाल, तर जरा थांबा. कबुतरांची विष्ठा, धूळ, जुन्या रंगाचे पोपडे हे सगळं पहिल्या सरीबरोबर खाली येतं. पुढेही चार दिवस उघडीप पडली, की सुरुवातीचा 2 मिलिमीटर पाऊस सोडून द्या. हिशोब सोपा आहे: 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर. म्हणजे 50 चौरस मीटरच्या गच्चीचं पहिलं 100 लिटर पाणी पिंपात घ्यायचं नाही.

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात ‘प्रोजेक्ट हार्वेस्ट’ उपक्रमात खाणींजवळच्या गावांतल्या आणि टूसॉन शहरातल्या रहिवाशांनी स्वतःच आपल्या टाक्यांचे नमुने गोळा केले; विद्यापीठाने त्यांत आर्सेनिक, शिसं आणि जिवाणू तपासले. मला ही कल्पना फार आवडते, आणि ती आपल्या सोसायटीतही जमण्यासारखी आहे. चार-पाच घरांनी एकाच दिवशी एचटूएस कुपीत, म्हणजे पाण्यातले जिवाणू तपासायच्या छोट्या बाटलीत, पाणी भरून ठेवावं. 24 ते 48 तासांत ते काळं पडलं, तर विष्ठेतले जिवाणू असण्याची दाट शक्यता. शिसं मात्र या कुपीत कळत नाही, आणि पाणी उकळूनही जात नाही. छपराला जुना ऑइलपेंट असेल, तर प्रयोगशाळेतच तपासून घ्या.

तोवर पाणी पानांवर न शिंपडता बुंध्याशी घाला आणि भाजी पिण्याच्या पाण्याने धुवा.