परसात वाल लावताय? मग बी पण घरचंच ठेवा

अकोले तालुक्यात (विदर्भातलं अकोला नव्हे, नगरकडचं) महादेव कोळी लोकांच्या घरामागं जाऊन बघा, जरा तुकडाभर जागा पण वाल, घेवडा, डांगर, दोडका, करांदे, शेवगा, मोरीच्या पाण्यावर अळू, सगळं एकात एक. त्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंना गावरान बियाणं जपलं म्हणून २०२० ची पद्मश्री जाहीर झाली.

सुरुवात वालापासून करा. मृगाचा पाऊस झाला की कुंपणाच्या कडेला आळं करून दोन-तीन दाणे टोका, बास. आता इथं बरेच जण फसतात, जुना गावरान वाल दिवस लहान व्हायला लागल्याशिवाय फुलतच नाही, त्यामुळे गणपतीपर्यंत नुसता पाला दिसतो आणि लोक वांझ वेल म्हणून उपटून टाकतात. उपटू नका हो! दसरा-दिवाळीच्या सुमारास तुरे येतात, मग थंडीभर शेंगा खा.

बियाण्यासाठी सगळ्यात जोमदार वेलाला आधीच चिंधी बांधून ठेवा, म्हणजे घरातलं कोणी त्याच्या शेंगा भाजीला तोडणार नाही. शेंगा वेलावरच वाळू द्यायच्या, हलवल्यावर खुळखुळ वाजल्या की सोलून दाण्यांना दोन-तीन कडक उन्हं द्यायची. मग चुलीची गार राख चाळून दाणे तिच्यात चोळायचे, पार राखाडी दिसेपर्यंत, आणि मडक्यात भरून तोंडाला फडकं बांधून शेणमातीनं लिंपायचं. मी एकदा शहाणपणा करून राख न लावता प्लास्टिकच्या डब्यात ठेवले, उघडून बघतो तर दाण्यादाण्याला भोक, तळाला पीठ आणि त्यात भुंगे फिरतायत.

दोडका सोपा, वाळलेला अख्खा दोडका चुलीवर धुरात टांगा, पेरताना बूड मोडलं की काळ्या बिया आपोआप पडतात, जाळी अंघोळीला.

दुधीचं मात्र बघून. कच्ची फोड जिभेला लावा, कडू लागली तर लगेच थुंका, तो दुधी शिजवूनही खायचा नाही, विषबाधा होते, आणि त्या वेलाचं बी तर अजिबात धरू नका.

आणि मूठभर बी शेजारी नाहीतर भावकीत देऊन ठेवाच. माझं भुंग्यानं खाल्लं त्या वर्षी चुलतीकडूनच परत आणलं, वर तिचं बोलणं फुकट ऐकलं.