तडीपारीच्या आदेशाला हायकोर्टात आव्हान कसं द्यावं

आदेश हातात पडला की पहिला सल्ला मिळतो, ‘सरळ हायकोर्टात जा.’ तसं करू नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ६० खाली तीस दिवसांत अपील करता येतं, ते आधी करा. नाहीतर ‘अपील का केलं नाही’ या एका प्रश्नावर याचिका परत येऊ शकते. तोवर हद्दीबाहेर राहा. आदेश मोडणं हा वेगळा गुन्हा आहे.

अपील फेटाळलं की राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली फौजदारी रिट याचिका. कागदपत्रं वकील जमवतील.

खरी मेहनत आहे ती मुद्द्यांची. सुरुवातीच्या एका याचिकेत मी पक्षकार किती भला माणूस आहे यावर चार पानं खर्ची घातली. न्यायमूर्तींनी ती उलटली आणि विचारलं, ‘आदेशात चूक काय?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. माणूस कसा आहे हे तिथे तपासत नाहीत. अधिकाऱ्याने कायद्याची वाट सोडली का, हे तपासतात.

म्हणून कोरा कागद घ्या आणि तीन तारखा लिहा: शेवटचा गुन्हा, नोटीस, आदेश. गुन्हा आणि आदेश यांत वर्ष-दीड वर्ष गेलं असेल आणि त्याचं कारण दिलेलं नसेल, तर ‘लाइव्ह लिंक’, म्हणजे गुन्हा आणि आदेश यांतला जिवंत दुवा, तुटली. हा मुद्दा सर्वांत वर घ्या. मग कलम ५९ ची नोटीस आणि आदेश शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडा. नोटिशीत नसलेला गुन्हा आदेशात डोकावला, तर खुलाशाची संधीच हिरावली गेली. गुन्हे एकाच ठाण्याचे आणि हद्दपारी तीन जिल्ह्यांतून, असं असेल तर त्याची कारणं आदेशात शोधा.

मुदतही बघाच. कलम ५८ प्रमाणे कमाल दोन वर्षं. जालना जिल्ह्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०२२ रोजी आदेश रद्द केला, त्यात पूर्ण दोन वर्षं का लागतात याची नोंदच नव्हती. तडीपारी हा असाधारण उपाय आहे, ती अनुच्छेद १९ मधल्या संचारस्वातंत्र्यावर घाला घालते, असंही न्यायालयाने म्हटलंय. हा निकाल याचिकेला जोडा.

‘गोपनीय साक्षीदारांची नावं द्या’ यावर मात्र वेळ घालवू नका. कायद्याला आरोपांचं सर्वसाधारण स्वरूप सांगितलेलं पुरतं. जबाबात काळ-वेळ, जागा काहीच नाही, यावर बोट ठेवा.

दाखल झाल्यावर त्याच आठवड्यात लवकर सुनावणी मागा. माझा एक पक्षकार बहिणीच्या गावी राहिला. तारीख लागली तेव्हा वर्षाच्या मुदतीतले चार आठवडे उरले होते.