भाड्याच्या घरातलं वायरिंग कोड्यात टाकतं तेव्हा

मी वायरमन आहे आणि माझी बरीचशी कामं भाड्याच्या घरांत असतात. तिथल्या बिघाडांचा पिंडच वेगळा. आधीच्या भाडेकरूने एसीसाठी लाईन कुठून ओढली, कोणी पंख्याच्या बोर्डातून सॉकेट काढलं, हे राहणाऱ्याला ठाऊक नसतं आणि बऱ्याचदा घरमालकालाही नसतं. म्हणून फोनवर कोणी म्हणालं, "कधी चालतं, कधी नाही, काही कळतच नाही," की मी सांगतो: बोर्ड उघडू नका, कागद-पेन घ्या. खाली जे लिहिलंय त्यातल्या कशालाही प्लेट उघडावी लागत नाही. निदानाचं निम्मं काम बाहेरूनच होतं, आणि ते घरात राहणारा माणूस माझ्यापेक्षा चांगलं करू शकतो, कारण बिघाड होतो तेव्हा तो तिथे असतो.

आधी घराचा नकाशा काढा. दिवसाउजेडी डीबीतला (घरातल्या मेन स्विचच्या पेटीतला) एक एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा छोटा स्विच) पाडा आणि घरभर फिरून काय काय बंद झालं ते लिहा. सॉकेट तपासायला छोटा टेबल लॅम्प बरोबर ठेवा. मग तो एमसीबी चालू करून पुढचा पाडा. अशा फेरीत हमखास एखादा उपरा पॉइंट सापडतो: बेडरूममधलं एकच सॉकेट स्वयंपाकघराच्या एमसीबीवर, किंवा मेन पाडल्याशिवाय न जाणारा दिवा. त्याच्यावर ठळक खूण करा. ते नंतर जोडलेलं काम आहे, आणि नंतरच्या कामातला जॉइंट कुठे तरी भिंतीत किंवा माळ्यावर टेपने गुंडाळलेला असतो. मी पहिला संशय तिथेच घेतो.

याच वेळी मीटरही बघून घ्या. सगळे प्लग काढा, दिवे-पंखे बंद करा, दारावरची बेल आणि राउटरही विसरू नका. मीटरवरचा छोटा लाल दिवा तरीही ठरावीक वेळाने लुकलुकतोय का ते पाहा. (लोड नसताना काही मीटरांवर तो एकसारखा पेटून राहतो, त्याची काळजी नको.) लुकलुकत असेल तर घरातला मेन पाडा. थांबला, तर तुमच्या मेनवरून कुठे तरी वीज जातेय: जिन्यातला दिवा असेल, नाही तर लीकेज, म्हणजे वायरमधून भलतीकडे झिरपणारा करंट. मेन पाडूनही चालूच राहिला, तर मीटर आणि मेन यांच्यामधल्या वायरला कोणी तरी हात घातलेला असू शकतो. बिलाच्या वादात हे उपयोगी पडतं.

आता टेस्टर. टेस्टरमध्ये निऑनचा बारीक दिवा आणि त्याच्याबरोबर मोठा रेझिस्टर असतो. तुमच्या बोटातून नगण्य करंट गेला तरी तो पेटतो. म्हणजे तो फक्त "इथे व्होल्टेज आहे" एवढंच सांगतो. लोड ओढण्याइतकी वायर धड आहे का, हे त्याला कळत नाही. सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतोय आणि चालत मात्र काहीच नाही, ही तक्रार फार ऐकू येते. लोक म्हणतात, दोन फेज (वीज आणणाऱ्या वायरी) आले. बहुतेकदा तसं नसतं. न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) मागे कुठे तरी तुटलेला असतो, आणि चालू ठेवलेल्या एखाद्या दिव्यातून किंवा पंख्यातून फेज फिरून न्यूट्रलच्या वायरवर येतो. त्या सर्किटवरचे सगळे प्लग काढा, दिवे-पंख्यांची बटणं बंद करा आणि पुन्हा बघा. एका भोकातला उजेड गेला तर तुटलेला न्यूट्रल पक्का. त्या वायरला न्यूट्रल समजून कोणी हात लावू नये, जोराचा शॉक बसतो.

न्यूट्रलचाच एक प्रकार मात्र तपासत बसायचा नाही. काही दिवे नेहमीपेक्षा भगभगीत, काही मिणमिणते, पंख्याचा वेग अचानक वाढलेला: असं दिसलं की लगेच मेन पाडा. थ्री फेजच्या इमारतीत सामाईक न्यूट्रल सुटला की 230च्या जागी 400 व्होल्टपर्यंत घरात येऊ शकतं.

ढिल्या जॉइंटचं तसं नाही, तो हळूहळू काम करतो. एक साधा हिशोब बघा. जॉइंटमध्ये एक ओहमचा विरोध आला आणि त्यातून 10 अँपिअर गेले, तर व्होल्टेज 10 व्होल्टने उतरतं आणि त्या नखाएवढ्या जागेत 100 वॉट उष्णता तयार होते. एमसीबी पडत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो. म्हणून "एमसीबी पडला नाही म्हणजे सगळं ठीक" असं कधीही धरू नका. गिझर पंधरा मिनिटं चालवा, बंद करा, मग प्लग आणि बोर्डाच्या प्लेटला हाताची मागची बाजू लावून बघा. चटका, पिवळट डाग, जळक्या प्लास्टिकचा वास किंवा बटणातून चरचर आली, तर तो पॉइंट त्या क्षणापासून बंद.

सगळ्यात जास्त डोकं खातो तो आरसीसीबी, डीबीतला टेस्टचं बटण असलेला. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने तेवढाच परत यायला हवा; फरक पडला की तो पडतो. घरगुती आरसीसीबी साधारण 30 मिलीअँपिअरचा असतो आणि प्रत्यक्षात त्याच्या अलीकडेही पडू शकतो. त्यामुळे चार उपकरणांचं थोडं थोडं लीकेज मिळूनही तो पडतो, दोष एकाचाच असेल असं नाही. शोधताना प्लग उपटून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण बटण फक्त फेज तोडतं. मग सगळे एमसीबी खाली, आरसीसीबी वर, आणि एकेक एमसीबी वर करत जा. सगळे टिकले की एकेक उपकरण लावा आणि प्रत्येकाला वेळ द्या. गिझरचं कॉइल गार असताना निर्दोष वाटतं, तापल्यावर लीक होतं.

आता खरं कोडं. इस्त्री लावली की आरसीसीबी पडतो, तीच इस्त्री शेजारी ठणठणीत चालते. दुसरी इस्त्री आणली, तरी पडतो. दिवे-पंखे मात्र कितीही चालवा, काही होत नाही. अशा वेळी इस्त्रीचा आणि त्या सॉकेटचा काहीही दोष नसतो. दुसऱ्याच एखाद्या खोलीत न्यूट्रल अर्थिंगला टेकलेला असतो, आणि इस्त्रीच्या परतीच्या करंटचा थोडा वाटा त्या आडवाटेने निघून जातो. लोड मोठा, तितका तो वाटा मोठा. गंमत अशी की त्या दोषी खोलीचा एमसीबी बंद असला तरी फरक पडत नाही. एकेरी एमसीबी न्यूट्रल तोडतच नाही. पाऊस पडल्यावरच असं होत असेल तर बाल्कनीतला किंवा बाहेरच्या भिंतीवरचा पॉइंट आधी बघायला सांगा. वायरमनला स्पष्ट म्हणा: डीबीतले न्यूट्रल एकेक सोडवून न्यूट्रल-अर्थ मेगर करा (मेगर म्हणजे वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र). जो नुसता आरसीसीबी बदलून किंवा बायपास करून देतो म्हणेल, त्याला परत पाठवा. बायपास म्हणजे जीव वाचवणारी एकमेव वस्तू काढून टाकणं.

बंद केलेला एलईडी रात्री अंधूक पेटत राहतो, याचं कारण कधी बटणातला इंडिकेटर असतो, कधी शेजारून जाणाऱ्या वायरची ओढ. पण कधी कधी बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेलं असतं, आणि मग बटण बंद असतानाही होल्डरमध्ये फेज जिवंत राहतो. तो बल्ब बदलताना मेनच पाडा. लॅपटॉपच्या किंवा फ्रिजच्या पत्र्याला मुंग्या येतात तिथे अर्थिंग पोहोचलेलं नाही असं धरून चाला.

हे सगळं झालं की घरमालकाला लिहून कळवा, नकाशाच्या फोटोसकट. "लाईटचा प्रॉब्लेम आहे" एवढ्याने कोणी हलत नाही. असं लिहा: "हॉलच्या एमसीबीवर स्वयंपाकघराचं एक सॉकेट आहे. मोठा लोड लावला की आरसीसीबी पडतो, कुठल्याही सॉकेटवर. सगळे प्लग काढून तपासलं आहे. न्यूट्रल-अर्थ मेगर करावं लागेल. गिझरची प्लेट तापते, तो पॉइंट आम्ही बंद ठेवला आहे." असा निरोप हातात आला की माझ्यासारखा माणूस येताना मेगर आणि नवं सॉकेट घेऊनच येतो.