लोहारभट्टीत कोळसा वाया जातोय?

खरिपाच्या तोंडावर खानापूर-निपाणीकडे बरेच जण विळे-खुरपी शेवटायला (तापवून-ठोकून धार काढायला) घरीच छोटी भट्टी मांडतात. नवख्याचा कोळसा जातो तो जादा वाऱ्याने.

१. ब्लोअर (वारा देणारा पंखा) भट्टीत वारा नेणाऱ्या नळीला घट्ट जोडू नका, २ बोटं फट ठेवा. मागे सरकवला की वारा कमी. नुसत्या ठिणग्या उडत असतील तर वारा बहुधा जास्त आहे.
२. लोखंड नळीच्या तोंडाशी नको, तिथे पापुद्रे धरतात. खाली-वर पेटता कोळसा हवा.
३. भट्टी सावलीत मांडा, उन्हात तापल्या लोखंडाचा रंग कळत नाही. नारिंगी झालं की ठोका, काळपट लाल झालं की परत आत.

नळी साध्या लोखंडाचीच घ्या. जस्ताचा मुलामा तापला की धुराने थंडी-ताप भरतो.