सोळा पिक्सेलांत मावणारं चिन्ह: साइटला फेविकॉन कसा करावा आणि कसा लावावा

इंदूरमधल्या एखाद्या मराठी मंडळाची, केटररची किंवा छप्पन दुकानवरच्या दुकानाची साइट तयार झाली की फेविकॉनची आठवण सगळ्यात शेवटी होते, आणि मग फर्मान सुटतं: ‘लोगो आहे ना, तोच बारीक करून टाका.’ गाडी अडते ती इथेच. टॅबमध्ये नावाच्या आधी दिसणाऱ्या या चित्राला साध्या पडद्यावर जागा मिळते १६×१६ पिक्सेल, म्हणजे सगळ्या मिळून २५६ चौकटी. पाटीवर चार फूट रुंद दिसणारा लोगो, खाली घोषवाक्य, भोवती वेलबुट्टी, हे सगळं तेवढ्यात कोंबलं की नुसता डाग उरतो.

त्यामुळे लोगो लहान करू नका, त्यातली एकच गोष्ट उचला. उदाहरण राजवाड्याचंच घ्या, कारण इंदूरच्या साइटवर तो हमखास मागितला जातो. राजवाडा सात मजली. वरखाली एकेक पिक्सेल मोकळा सोडला तर उरतात १४, म्हणजे दर मजल्याला दोन. त्यात एक रेघ मजल्याची आणि एक फट. खिडक्या, सज्जे विसरा. लांबून त्या रेघा मजले न वाटता जाळी वाटतात. त्याऐवजी फक्त दरवाज्याची कमान काढा: बाहेरची रेघ २ पिक्सेल, आतली पोकळी ६ ते ८ पिक्सेल रुंद. ती ओळखू येते.

चित्रापेक्षा अक्षर बरं, असं आमचं मत आहे. मात्र देवनागरी अक्षराचा हिशेब रोमनपेक्षा वेगळा, आणि तो कागदावर आधी मांडावा. चौकटीचा कागद घ्या, १६×१६ आखा. पहिली आणि शेवटची ओळ रिकामी. शिरोरेघेला दोन ओळी. खाली उरल्या १२. आता ‘म’ घ्या: डावीकडच्या गाठीतलं पोकळ किमान २×२ हवं, भोवती दोन जाडीची रेघ, म्हणजे गाठच ६ पिक्सेलांची झाली. उजवीकडे काना २ पिक्सेल. मधल्या आडव्या रेघेला सहाएक चौकटी मिळतात. ‘म’ बसतो. आता ‘इं’ बसवून बघा. अनुस्वाराला २×२ चा ठिपका, त्याखाली एक ओळ मोकळी, मग शिरोरेघ. ‘इ’च्या सगळ्या वळणांना उरतात नऊ ओळी. त्या पुरत नाहीत. म्हणून शहराच्या नावाचं आद्याक्षर कितीही जवळचं वाटलं तरी ते सोडा.

काही अक्षरं लहान झाली की शेजारच्या अक्षरासारखी दिसू लागतात. ‘ब’मधली तिरपी रेघ बुजली की तो ‘व’ होतो, ‘ष’चा ‘प’ होतो. ‘भ’ आणि ‘ध’ यांची ओळख शिरोरेघेतल्या फटीवर असते. ती दोन पिक्सेलांहून कमी ठेवली तर ‘म’ आणि ‘घ’ वाचले जातात. ‘श्री’च्या वाटेला जाऊच नका. ग, त, र, ट, प, न ही मंडळी बिनतक्रार बसतात.

‘ल’ आणि ‘श’ घेणार असाल तर आणखी एक पाहणं आलं. बरेच फॉन्ट ही अक्षरं हिंदी वळणाची दाखवतात. काही फॉन्टांत मराठी वळणही असतं, पण भाषा मराठी ठरवल्याशिवाय ते बाहेर येत नाही. इंदूरच्या साइटला दोन्ही भाषांचे वाचक असतात, त्यामुळे कुठलंही वळण चालेल. फक्त बोर्डावर आहे तेच इथे घ्या.

मूळ फाइल बहुधा फ्लेक्सवाल्याकडे असते, कोरलड्रॉमध्ये. ती मागताना ‘अक्षरं कर्व्हमध्ये करून द्या’ असं स्पष्ट सांगा (कोरलमध्ये कंट्रोल आणि क्यू). नाहीतर कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर तुमच्या मशिनवर रोमन अक्षरांचा काला होऊन उघडतो. फॉन्टची फाइल मागून वेळ घालवू नका. कर्व्ह झाले की फॉन्टची गरजच नाही.

काम इंकस्केपमध्ये (रेघांची चित्रं काढायचं मोफत सॉफ्टवेअर) करा. पान ३२×३२ पिक्सेलांचं, ग्रिड चालू, स्नॅप (रेघ चौकटीला आपोआप चिकटवणारी सोय) चालू. रेघांच्या कडा ग्रिडवरच पडू द्या आणि मापं सम ठेवा, म्हणजे १६ वर अर्धी केली तरी पूर्णांकच येतो. कड अर्ध्या पिक्सेलवर पडली की ब्राउझर दोन्हीकडे फिकट छटा भरतो. चिन्ह ‘धुरकट’ दिसण्याचं कारण नव्वद टक्के वेळा हेच असतं. अक्षर टाइप केलं असेल तर पाथ मेन्यूतून ऑब्जेक्ट टू पाथ करा. एसव्हीजी (पिक्सेलांऐवजी रेघांच्या रूपात साठवलेलं चित्र) चिन्ह बाहेरचा फॉन्ट ओढून आणत नाही. पाथ न करता ठेवलं तर वाचकाच्या फोनवर असेल त्या फॉन्टात अक्षर उमटेल. शेवटी प्लेन एसव्हीजी म्हणून सेव्ह करा.

रंगाचं थोडक्यात: दोन रंग पुरेत. पारदर्शक पार्श्वभूमीवर काळं अक्षर ठेवलं तर गडद टॅबमध्ये ते गायब होतं, पांढरं ठेवलं तर उजळ टॅबमध्ये. रंगीत चौकोनावर पांढरं अक्षर दोन्हीकडे तगतं. चौकोनामुळे अक्षराची जागा घटते हे खरं, पण शिरोरेघ चौकोनाच्या दोन्ही कडांना टेकवली की आडवी जागा बरीच परत मिळते, आणि दिसतंही छान. एसव्हीजीच्या आत प्रेफर्स कलर स्कीमचा नियम घालून गडद थीमला रंग पालटता येतो. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये ते चालतं.

आता फाइली. पूर्वी यादी वीसेक फाइलींची असायची, अजूनही काही ऑनलाइन जनरेटर तेवढ्या काढून देतात. इतक्यांची गरज नाही. या पुरतात:

फेविकॉन डॉट आयसीओ. हिच्या पोटात १६, ३२ आणि ४८ अशी तीन मापं. जिंपमध्ये (पिक्सेलांची चित्रं सुधारायचं मोफत सॉफ्टवेअर) एका चित्रात तीन लेअर करा, प्रत्येक आपापल्या मापाचा, आणि आयसीओ म्हणून एक्स्पोर्ट करा. प्रत्येक लेअर एकेक माप होतो. एक्स्पोर्टच्या खिडकीत तिन्हींना ३२ बिट, ८ बिट अल्फा निवडा. १६ चा लेअर आपोआप लहान केलेला नको, पेन्सिल टूलने चौकट चौकट करून दुरुस्त केलेला हवा. विंडोजमध्ये डिस्प्ले १२५ किंवा १५० टक्क्यांवर असला तर टॅबमध्ये २० किंवा २४ पिक्सेल लागतात आणि चित्र दुसऱ्या मापातून आटवलं जातं. तेव्हा ३२ चा लेअरही तितकाच साधा ठेवा.

आयकॉन डॉट एसव्हीजी. इंकस्केपमधली तीच.

ॲपल टच आयकॉन डॉट पीएनजी, १८०×१८०. आयफोनच्या होम स्क्रीनसाठी. पार्श्वभूमी भरलेली हवी, पारदर्शक जागा काळी होते. कोपरे गोल करू नका, फोन स्वतः करतो. चारी बाजूंनी २० पिक्सेल सोडले की ठीक दिसतं.

अँड्रॉइडसाठी १९२ आणि ५१२ च्या पीएनजी, मॅनिफेस्ट फाइलीत (साइटचं नाव आणि चिन्हं फोनला सांगणारी छोटी फाइल) नोंदवलेल्या. मास्केबल (म्हणजे फोनने हव्या त्या आकारात कापायला मोकळं) ठरवलेल्या ५१२ च्या चित्रात मुख्य आकार मधल्या ८० टक्क्यांच्या वर्तुळात, म्हणजे सुमारे ४०९ पिक्सेल व्यासात राहू द्या. बाहेर गेलेली शिरोरेघ फोन कापतो.

लावायची रीत. आयसीओ फाइल साइटच्या मुळात, म्हणजे सगळ्यात वरच्या फोल्डरात ठेवा, शेअर्ड होस्टिंगवर ती जागा बहुधा पब्लिक एचटीएमएल नावाच्या फोल्डरची. १९९९ साली इंटरनेट एक्सप्लोरर ५ ने याच नावाची फाइल मुळात शोधायला सुरुवात केली. आजही लिंक दिली नसली तर ब्राउझर तिथेच डोकावतात. मग हेड टॅगमध्ये चार लिंक टॅग. (नावं इथे देवनागरीत आहेत, टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं, मध्ये स्पेस नाही.) पहिल्यात रेल आयकॉन, एचरेफमध्ये आयसीओचा पत्ता, साइझेस ३२एक्स३२. दुसऱ्यात रेल आयकॉन, एसव्हीजीचा पत्ता, टाइपमध्ये सलग इमेज, तिरका दंड (स्लॅश), एसव्हीजी, अधिकचं चिन्ह, एक्सएमएल. तिसऱ्यात रेल ॲपल-टच-आयकॉन, शब्दांत आडव्या रेघा. चौथ्यात रेल मॅनिफेस्ट. पहिल्यातलं साइझेस गाळू नका, त्यात ‘एनी’ही लिहू नका, क्रोम मग एसव्हीजी सोडून आयसीओ उचलतो. एसव्हीजी असली तरी आयसीओ काढू नका, कारण सफारीत एसव्हीजीची सोय फार उशिरा आली.

पत्त्याच्या सुरुवातीचा तिरका दंड विसरला की मुखपृष्ठावर चिन्ह दिसतं आणि ‘कार्यक्रम’ किंवा ‘संपर्क’च्या आतल्या पानांवर गायब होतं. ही चूक फार होते.

वर्डप्रेस असेल तर कोडला हात लावू नका. ६.५ आवृत्तीपासून सेटिंग्ज, जनरलमध्येच साइट आयकॉन आहे. त्याआधी कस्टमाइझमधल्या साइट आयडेंटिटीत. चौकोनी पीएनजी द्या, किमान ५१२×५१२. एसव्हीजी तो मुळात घेत नाही. मापं तो स्वतः पाडतो, त्यामुळे हाताने सुधारलेला १६ चा लेअर इथे कामी येत नाही. आकृती तेवढी साधी हवी. साइट आयकॉन दिलाच नाही तर वर्डप्रेस आपला डब्ल्यू दाखवतो. आणि जुन्या थीमच्या हेडर फाइलीत कुणी आधीच लिंक टॅग लिहून ठेवला असेल तर दोन चिन्हं भांडतात: पानाचा सोर्स उघडून ‘आयकॉन’ शोधा, जुनी ओळ काढा.

सगळं केलं आणि तरी दिसत नाही? आधी पत्त्याच्या पट्टीत आयसीओचा पूर्ण पत्ता टाकून फाइल थेट उघडा. ४०४ (फाइल सापडली नाही) आला तर जागा किंवा नाव चुकलं. लिनक्स सर्व्हरला मोठा एफ आणि लहान एफ वेगळे, विंडोजवर तपासून टाकणाऱ्याला हे कळत नाही. चित्राऐवजी मुखपृष्ठच उघडलं तर सर्व्हरवरचा रीराइटचा (पत्ते वळवण्याचा) नियम सगळ्या पत्त्यांना तिकडे वळवतो आहे. एसव्हीजी उघडण्याऐवजी डाउनलोड झाली किंवा नुसता मजकूर दिसला तर सर्व्हरला तिचा टाइप माहीत नाही. आणि चित्र नीट उघडलं, फक्त टॅबमध्ये जुनंच आहे, तर ती कॅश, म्हणजे ब्राउझरने साठवलेली जुनी प्रत. ब्राउझर फेविकॉन वेगळा साठवतो, पान रिफ्रेश करून तो हलेलच असं नाही. फाइलच्या पत्त्यावर जाऊन तिथे रिफ्रेश करा, किंवा लिंकमध्ये पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह, व्ही, बरोबर, २ असं जोडा.

हे जोडणं रोजचं करू नका. गूगलला फेविकॉनचा पत्ता स्थिर हवा असतो. शोधाच्या निकालात चिन्ह यायला चित्र चौकोनी हवं, ४८×४८ पेक्षा मोठं असलेलं बरं, आणि रोबोट्स फाइलीत (शोधयंत्रांनी काय वाचू नये ते सांगणारी फाइल) ते किंवा मुखपृष्ठ अडवलेलं नको. एका होस्टनावाला एकच चिन्ह मिळतं. मंडळाच्या साइटवर ग्रंथालयाचा विभाग वेगळ्या फोल्डरात असला तरी निकालात त्याला मंडळाचंच चिन्ह. बदल दिसायला काही दिवसांपासून काही आठवडे लागतात, तेवढ्यात फाइली पुन्हा हलवू नका.