केनियातल्या मिशनसेवेत येणारा नाताळ : कोल्हापूरहून निघणाऱ्यांसाठी तयारीची यादी

परदेशातील मिशनसेवेत नाताळ साजरा करायचा असेल, तर त्याची तयारी पावसाळा संपता संपताच सुरू करावी लागते. केनियाच्या डोंगराळ भागातील एका मिशन रुग्णालयात मी परिचारिका म्हणून दोन नाताळ काढले. आता आपल्या मंडळीतील मुले-मुली तशाच सेवेसाठी निघत आहेत, आणि त्यांच्या आया भेटल्या की 'सोबत काय काय द्यायचे?' एवढेच विचारतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पहिले काम कागदपत्रांचे. जानेवारी 2024 पासून केनियाने व्हिसाऐवजी प्रवासाआधी ऑनलाइन परवानगी घेण्याची पद्धत सुरू केली आहे. मात्र पर्यटक म्हणून मिळालेल्या परवानगीवर रुग्णालयात किंवा शाळेत काम करणे, मग ते विनावेतन का असेना, योग्य नाही. म्हणून धार्मिक व सेवाभावी कामासाठीचा परवाना बोलावणारी संस्था काढून देणार आहे ना, हे तिकिटाआधी लेखी विचारून घ्यावे. दुसरी गोष्ट पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लसीची. भारतातून थेट जाणाऱ्याकडे केनिया हे प्रमाणपत्र मागत नाही, त्यामुळे अनेकजण लस टाळतात. परंतु केनियाहून परतणाऱ्याकडे ते आपलेच सरकार मागते, आणि नसल्यास विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. लस मान्यताप्राप्त केंद्रातच, प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी आणि प्रमाणपत्राचे ते पिवळे कार्ड पासपोर्टसोबत हातातल्या बॅगेत ठेवावे. मलेरियाच्या गोळ्यांबाबत आपण कोणत्या भागात जाणार ते सांगून डॉक्टरांना विचारावे, कारण समुद्रकिनारी आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या परिसरात धोका जास्त असतो, तर उंच डोंगरी भागात कमी.

सामान भरताना एक सवय आवर्जून मोडावी लागते. फराळ प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून देण्याची आपली रीत असली, तरी केनियात ऑगस्ट 2017 पासून प्लास्टिकच्या हातपिशव्यांवर कडक बंदी आहे, म्हणून सारे काही स्टीलच्या डब्यांत आणि कापडी पिशव्यांत भरावे. चकली, शेव, शंकरपाळ्या आणि सुक्या खोबऱ्याच्या करंज्या चांगल्या टिकतात. ओल्या नारळाचे काहीही देऊ नये. ताजी फळे, रोपे आणि बियाणे तर नेऊच नये. डाळ, तांदूळ आणि नेहमीचे मसाले नैरोबीतल्या भारतीय दुकानांत मिळतात, त्यामुळे आईचा जीव कितीही तुटला तरी त्यांचे ओझे लादू नये; कांदा-लसूण मसाल्याचा एक घट्ट झाकणाचा डबा मात्र अवश्य न्यावा. तिथल्या भिंतीत चौकोनी तीन पिनांचा प्लग लागतो, म्हणून अडॅप्टर घ्यावा. विषुववृत्ताजवळचा देश म्हणून स्वेटर घरी ठेवू नये. उंचावर रात्री चांगलीच थंडी असते.

नाताळच्या जेवणाची तयारी इथूनच करून जावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. तिथले रोजचे अन्न म्हणजे मक्याच्या पिठाची उगाली. चपाती हा अनेक घरांत सणासुदीचा पदार्थ, आणि तिला नावही चपातीच आहे. ती आपल्या घडीच्या पोळीसारखी तेल लावून पदर सुटतील अशी लाटतात आणि नाताळला तिच्या चवडी रचतात. ज्याला पोळी लाटता येते, तो परका माणूस पहिल्याच संध्याकाळी त्या स्वयंपाकघरात घरचा होतो. मुलांनीही निघण्यापूर्वी महिनाभर आईपाशी बसून हे शिकून घ्यावे. कोणी जेवायला बोलावले, तर साखर, चहापत्ती किंवा मक्याचे पीठ घेऊन जावे. तिथे ही भेट मनापासून स्वीकारली जाते.

नाताळात शहरात काम करणारी माणसे गावी जातात, गाड्या भरून वाहतात आणि भाडी वाढतात. म्हणून 24 आणि 25 डिसेंबरची ड्युटी आपण होऊन मागून घ्यावी, आणि तीही नोव्हेंबरातच, म्हणजे वर्षभर लेकरांपासून लांब राहिलेल्या सहकारी भगिनीला वेळेत जागा राखता येईल. पहिल्या वर्षी हे मला सुचले नाही, याचे आजही वाईट वाटते. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर 1852 साली आपल्या कोल्हापुरात आले आणि त्यांचा मुलगा रॉबर्ट 1863 साली इथेच जन्मला. त्या कुटुंबाचे नाताळ आपल्या माणसांत गेले. आपणही तसेच तिथल्या माणसांत मिसळावे, खोलीत बसून कोल्हापूरची आठवण काढीत राहू नये.

उपासनेसाठी एक मराठी नाताळगीत पूर्ण पाठ करावे, टाळांची जोडी न्यावी आणि गीताचा अर्थ तिथल्या कोणाकडून स्वाहिलीत लिहून घ्यावा. वेळेबाबत सावध राहावे. स्वाहिलीत तास सकाळी सहापासून मोजतात. 'सा तातू', म्हणजे तिसरा तास, असे सांगितले तर उपासना सकाळी नऊला असते. घडी होणारी कागदी चांदणी न्यावी आणि ती आपल्या खोलीत न लावता मुलांच्या वॉर्डात लावावी.

शेवटची तयारी कोल्हापुरातल्या घराची. केनियाचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, त्यामुळे इथे सकाळी देवळातून परतताच फोन लावला, तर तिकडे उपासना सुरू असते. रात्री साडेनऊची वेळ आधीच ठरवून ठेवावी. तेव्हा तिकडे सात वाजलेले असतात, आणि ड्युटी दिवसपाळीची असेल तर ती संपलेली असते.