इंग्लिश वाक्यात क्रियापदं एका रांगेत कशी ठेवायची

'आय लाइक रीडिंग, पेंटिंग अँड टू स्विम' टाइपचं वाक्य एसएससी (दहावी नव्हे, स्टाफ सिलेक्शन कमिशन), बँकेच्या परीक्षांना एरर शोधा म्हणून येतं आणि आपण बघत बसतो, चुकलंय काय यात, अर्थ तर लागतोय की. लागतोय, पण आधीची दोन आयएनजीवाली आणि शेवटचं टूवालं. एकतर स्विमिंग करा नाहीतर सगळी टूवर आणा, 'टू रीड, पेंट अँड स्विम'. टू एकदाच लिहा किंवा तिन्हीकडे लिहा, पण पहिल्याला आहे, मधल्याला गायब आणि शेवटी परत उगवला असं नको.

चेक करायचं तर आधी अँड किंवा ऑर पकडायचा, त्याच्या पुढचं क्रियापद बघायचं आणि तिथून उलटं मागे यायचं. मग वाक्याचा कॉमन भाग प्रत्येकाला वेगवेगळा जोडून वाचायचा. 'ही हॅज ऑलवेज अँड विल ऑलवेज हेल्प अस' घ्या, विल हेल्प जमलं पण हॅज हेल्प? म्हणून 'हॅज ऑलवेज हेल्प्ड अँड विल ऑलवेज हेल्प'. मात्र नुसतं जोडून भागत नाही हां, कारण 'आय लाइक टू स्विम' एकटं वाचलं तर बरोबरच आहे, रूपही शेजाऱ्यांसारखं लागतं.

आपला खरा घोळ मराठीमुळे होतो असं मला वाटतं. 'घरी जाऊन, जेवून झोपलो' यात काळ फक्त शेवटच्या क्रियापदाला लागतो, बाकीची ऊन लावून सुटतात. इंग्लिशमध्ये अँडने जोडताना ती सोय नाही, प्रत्येकाला काळ द्यायचा, 'वेंट होम, एट अँड स्लेप्ट'. पण म्हणून सगळीकडे एकच काळ कोंबू नका, 'शी केम यस्टरडे अँड इज लीव्हिंग टुमारो' एकदम करेक्ट आहे, कारण वेळच वेगळी आहे.

ईदर-ऑरमध्ये जागा बघा. 'ही ईदर वाँट्स टू स्टे ऑर टू लीव्ह' मध्ये ईदरपुढे वाँट्स आणि ऑरपुढे टू, जुळत नाही, ईदर वाँट्सच्या नंतर ढकला. नॉट ओन्ली-बट ऑल्सोचं पण सेम. 'आय प्रिफर वॉकिंग टू ड्रायव्हिंग' मधला टू मात्र वेगळा, त्याच्यापुढे ड्राइव्ह लावू नका.

रेझ्युमेत तर जुन्या नोकरीखाली मॅनेज्ड, प्रिपेअर्ड आणि मध्येच हँडलिंग असं सर्रास दिसतं, तिथे हँडल्ड करून टाका.